दार लावायच्या आधी कोणाकडे जाऊन आलात?

2025 साली आमचा ज्यूंचा किप्पूर, दसरा आणि गांधी जयंती तिन्ही एकाच दिवशी आले, 2 ऑक्टोबरला, त्यामुळे ऑफिसात रजा मागायची आणि मग हा कुठला सण ते सगळ्यांना समजावत बसायचं हे काम वाचलं. पण आदल्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून, चामड्याची चप्पल घरी ठेवून कापडी बूट घालून मी जिना उतरले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलंच, पाणीसुद्धा नाही का गं प्यायचं? नाही काकू, पाणीसुद्धा नाही, आज सूर्य मावळायच्या आधीपासून उद्या चांदण्या दिसेपर्यंत, पंचवीसेक तास. त्यांनी हात जोडले. लोक उपासाला हात जोडतात आणि खरं सांगायचं तर आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोकही तेच करतो, सण सुटल्यावर एकमेकांना पहिला प्रश्न असतो "कसा गेला उपास, डोकं दुखलं का", पण कोणाकडे जाऊन आलीस, कोणाशी बोलून आलीस, हे मला आजवर कोणी विचारलेलं आठवत नाही आणि मीही कोणाला विचारलेलं नाही.

मला वाटतं आपण सगळ्यात सोपा भाग धरून ठेवला आणि अवघड भाग सोडून दिला. आणि हे मी एकेकट्या माणसाबद्दल म्हणत नाहीये, समाज म्हणून, संस्था म्हणून, सरकार म्हणून म्हणतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योम किप्पूर म्हणजे तिश्री महिन्याची दहावी तिथी, ज्यू वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. खाणंपिणं, अंघोळ, अंगाला तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणं आणि नवरा-बायकोचा संबंध या पाच गोष्टी बंद. संध्याकाळी कोल निद्रे ही सुरुवातीची प्रार्थना, दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रार्थना, आणि शेवटी नइला, म्हणजे दरवाजे बंद व्हायच्या वेळची प्रार्थना, मग शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजतो आणि सुटका. कोकणातली आमची जुनी माणसं याला दरफाल्नीचा सण म्हणायची, दार लावून घ्यायचा सण. हिब्रू येत नव्हतं, रब्बी (धर्मगुरू) नव्हता, पुस्तकं नव्हती, तेल गाळायचं काम आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली, पण या एका दिवसासाठी आधीच अंघोळ करून पांढरे कपडे घालून घराचं दार लावून बसायचं आणि कोणाशी बोलायचं नाही एवढं त्यांनी शेकडो वर्षं टिकवलं. मला याचा अभिमान आहे.

पण धर्मात याच दिवसाबद्दल काय लिहिलंय बघा. मिश्ना नावाचं जे ज्यू कायद्याचं जुनं संकलन आहे, साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचं, त्यात योमा नावाचा भाग आहे आणि त्याच्या शेवटच्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची क्षमा किप्पूरला होते, पण माणसामाणसातल्या पापाची क्षमा किप्पूरला होत नाही, जोपर्यंत तुम्ही त्या माणसाची समजूत घालत नाही तोपर्यंत. म्हणजे तुम्ही पंचवीस तास काय, पन्नास तास उपाशी राहिलात तरी शेजाऱ्याचा हिशोब तसाच पडून राहणार, देव तो आपल्याकडे घेतच नाही.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या रामबाम (मैमोनिदेस) या ज्यू धर्मपंडिताने तर याची अगदी पद्धत लिहून ठेवली. ज्याचे पैसे बुडवले त्याला ते परत केलेत तरी पुरत नाही, त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. त्याने नाही म्हटलं तर तीन माणसं बरोबर घेऊन परत जायचं, असं दोनदा तीनदा जायचं. आणि तो माणूस मेला असेल तर? मला वाटायचं तिथे विषय संपला, पण नाही. दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की मी या माणसाचं अमुक अमुक केलं, आणि काही देणं लागत असेल तर ते वारसांना द्यायचं. "अमुक अमुक" हा शब्द महत्त्वाचा आहे. काय केलं ते तोंडाने बोलायचं, चारचौघात. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा, असं मोघम नाही. आणि खरं परिवर्तन कशाला म्हणायचं तर तीच वेळ परत यावी, तेच पाप करायची ताकद अंगात असावी आणि तरी माणसाने ते करू नये.

दिवसभरात जे वाचलं जातं तेही हेच सांगतं. सकाळी यशया संदेष्ट्याचा भाग वाचतात. लोक विचारतात आम्ही उपास करतो मग देवा तू बघत का नाहीस, आणि उत्तर मिळतं की तुम्ही उपासाच्या दिवशी कामगारांना राबवता, भांडता, आणि मान खाली घालून गोणपाटावर बसलात की मला उपास पोचला असं समजता, मला हवा असलेला उपास म्हणजे जुलमाची बेडी तोडा, भुकेल्याला आपली भाकरी द्या. हे कोणा नास्तिकाचं भाषण नाही, उपासाच्या ऐन दिवशी भर सभेत वाचायला पूर्वजांनीच नेमून दिलेलं आहे. मग दुपारी योनाची गोष्ट, माशाच्या पोटातली. सगळ्यांना मासाच आठवतो, पण गोष्टीचा गाभा निनवे शहर आहे, परकं, ज्यू नसलेलं शहर, ज्याचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि सगळं शहर मिळून सुधारतं. मिश्नात यावर एक फार बारीक निरीक्षण आहे, की देवाने त्यांचं गोणपाट आणि त्यांचा उपास पाहिला असं तिथे लिहिलेलं नाही, त्यांची कृती पाहिली असं लिहिलंय.

आणि कबुली. किप्पूरची कबुली एकवचनात नसते. छातीवर मूठ मारत हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने म्हणतो ते सगळं "आम्ही": आम्ही अपराध केला, आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुबाडलं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, मी तर कोणाला लुबाडलं नाही मग मी का म्हणू, तर ते म्हणाले तू नसशील, आपल्यापैकी कोणीतरी केलंय, आणि तो एकटा उभा राहू नये म्हणून सगळे म्हणतात. मला ते तेव्हा फक्त प्रेमळ वाटलं होतं. आता कळतं की त्यात जबाबदारीही आहे, "आम्ही" म्हटलं की माझ्या आधीच्यांनी केलेलंही माझ्या अंगावर येतं, वारसाहक्काने घर घेता येतं तर देणंही घ्यावं लागतं.

आता मूळ मुद्द्याला येते. संस्था कधी प्रायश्चित्त घेते का?

आमच्याच लोकांचं उदाहरण देते. इस्राएल झाल्यावर बेने इस्राएल तिकडे जायला लागले आणि पहिल्या काही वर्षांतच त्यांना काळे म्हणून हिणवणं, कामात दुजाभाव, हे सगळं वाट्याला आलं. 1951 साली बीर शेवाला राहणाऱ्यांपैकी काही जण तेल अवीवला जाऊन ज्यूंना इस्राएलमध्ये वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या ऑफिसबाहेर धरणं धरून बसले, मागणी काय तर आम्हाला भारतात परत पाठवा. 1952 मध्ये शंभराहून जास्त माणसांना खरंच विमानाने परत आणावं लागलं. ज्या मातीसाठी दोन हजार वर्षं प्रार्थना केली तिथून परत जायला सत्याग्रह. (यातले बरेच जण नंतर पुन्हा इस्राएलला गेले, ते वेगळंच दुःख.)

मग 1962. मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात इस्राएलच्या रब्बिनेटने, म्हणजे ज्यूंची लग्नं बघणाऱ्या धर्मसंस्थेने, विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढल्या की बेने इस्राएल माणूस इतर ज्यूशी लग्न करायला आला तर त्याच्या आईची, आईच्या आईची आणि जमेल तितकं त्याही मागची चौकशी करा, कुळात कोणी बाहेरचं आलं का, कोणाचा घटस्फोट धार्मिक पद्धतीने न होता परत लग्न झालं का. त्यांची शंका काय होती ते मी प्रामाणिकपणे सांगते, कोकणात शेकडो वर्षं रब्बी नव्हता, मग घटस्फोटाचा आणि निपुत्रिक विधवेला दिराशी लग्नाच्या बंधनातून सोडवण्याचा कायदा पाळला गेला नसेल तर पुढची मुलं कायद्याने अडचणीत येतात. शंका धर्मशास्त्रातली होती, पण सूचना नाव घेऊन एकाच समाजावर काढली होती. 1964 च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्राएल जेरुसलेमला जमले, आंदोलन केलं, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. मग रब्बिनेटने काय केलं, तर सूचनेतलं बेने इस्राएल हे नाव काढलं आणि त्याजागी ज्याच्या ज्यूपणाबद्दल शंका आहे असा कोणीही, असे शब्द घातले.

शब्द बदलणं म्हणजे क्षमा मागणं नव्हे. ज्या संस्थेचं कामच हा कायदा शिकवणं आहे तिने अमुक अमुक म्हणायच्या ऐवजी वाक्यरचना दुरुस्त केली.

इस्राएलमध्ये संस्थांना हे कधीच जमलं नाही असं नाही. 1997 साली रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, थोडंसं आधी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एहूद बराक यांनी नेतिवोत या गावात, पूर्वेकडच्या देशांतून आलेल्या ज्यूंना 1950 च्या दशकात पक्षाने जसं वागवलं त्याबद्दल पक्षाच्या वतीने क्षमा मागितली. त्यांच्याच पक्षातले जुने लोक चिडले, काही विरोधक म्हणाले मतांसाठी केलं. असेल. पण त्यांनी स्वतःच्या गटाचं नाव घेतलं, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या गावात जाऊन बोलले, एवढं तरी मान्य करावं लागेल. याच्या उलट 2021 चं बघा, येमेनहून आलेल्या कुटुंबांची बाळं 1950 च्या आसपास हॉस्पिटलमधून गायब झाली, मेली म्हणून सांगितलं, कबर दाखवली नाही, त्या प्रकरणात सरकारने 16 कोटी 20 लाख शेकेल भरपाई मंजूर केली आणि झालेल्या घटनांबद्दल खेद व्यक्त केला. जबाबदारी आमची, असं म्हटलं नाही. कित्येक घरांनी ते नाकारलं, आणि मला त्यांचं शंभर टक्के पटतं. आपल्या मराठीत दिलगिरी आणि माफी हे दोन वेगळे शब्द आहेत. दिलगिरी "व्यक्त" करतात, माफी "मागतात". मागायला समोर माणूस लागतो, आणि तो नाही म्हणू शकतो.

आणि हे फक्त ज्यूंनी ज्यूंशी करायचं नाही. 29 ऑक्टोबर 1956 ला कफर कासिम या अरब गावात शेतावरून घरी येणाऱ्या माणसांना, बायकांना, मुलांना संचारबंदी मोडली म्हणून सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या, पन्नासच्या घरात माणसं गेली, बहुतेकांना संचारबंदी लागल्याचं माहीतही नव्हतं. ज्या कर्नल शदमींच्या हुकमतीखाली हे झालं त्यांना नंतर कोर्टाने दंड केला तो दहा प्रुता, म्हणजे अगदी किरकोळ नाणं. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष शिमोन पेरेस त्या गावात गेले आणि क्षमा मागितली. पन्नास वर्षं लागली. यशयाचा अध्याय ज्या देशात दर किप्पूरला वाचतात, ज्या देशात त्या दिवशी विमानतळ बंद असतो, टीव्ही बंद असतो, गाडी चालवू नका असा कायदा नसूनही हायवे रिकामे असतात आणि मुलं सायकली घेऊन रस्त्यावर येतात, तिथे. ती शांतता मला खरंच पवित्र वाटते. म्हणूनच माझी अपेक्षा जास्त आहे.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं, कारण इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता. आता आमचं.

बेने इस्राएलांमध्ये गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांच्या कुळात कधीतरी ज्यू पुरुष आणि बाहेरची बाई असं झालं होतं, ते. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे लिहून ठेवलंय, त्यामुळे कोणी असं काही नव्हतंच म्हणू नये. लग्नसंबंध नाही, पंगत वेगळी, मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो) सिसिद (प्रार्थनेची झालरीची शाल) अंगावर घ्यायची नाही, सेफर तोराला (धर्मग्रंथाच्या गुंडाळीला) हात लावायचा नाही. किती पिढ्या? कोणी मोजल्यात?

बघा ना, 1962 मध्ये रब्बिनेटने आमच्या आजीची चौकशी केली तेव्हा आम्ही पेटून उठलो, आणि त्याच्या आधी शंभर वर्षं आम्ही आपल्याच माणसांच्या आजीची चौकशी करत होतो. तेच हत्यार, तोच प्रश्न, फक्त विचारणारे आम्ही होतो. जेरुसलेमला धरणं धरणाऱ्यांत काळ्या म्हटल्या गेलेल्या घरांतलेही लोक असतीलच, आणि त्यांनी आमच्यासाठी घोषणा दिल्या.

माझ्या आजीचं माहेर अलिबागजवळच्या एका गावातलं. तिने मरायच्या आधी दोनेक वर्षं, किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी पुऱ्या लाटता लाटता मला सांगितलं की तिची एक मैत्रीण होती, एकत्र विहिरीवर जायच्या, आणि त्या मैत्रिणीच्या वडिलांनी एका किप्पूरला सिसिद अंगावर घेतली तर भर सभेत ती काढायला लावली. काढायला लावणारे मुकादम (मशिदीचे प्रमुख) म्हणजे आजीचे वडील, माझे पणजोबा. ते कुटुंब त्यानंतर मशिदीत आलं नाही. आजी म्हणाली, आणि त्या दिवशी आमच्या सगळ्यांचा उपास होता गं. एवढंच म्हणाली आणि पुढची पुरी लाटली.

यावर मला जे ऐकवलं जातं ते मी आता मांडते, कारण बोलणारे वाईट लोक नाहीत. एक, ज्यांनी केलं ते गेले, ज्यांच्यावर केलं ते गेले, आता कशाला उकरायचं. त्याला रामबामचं उत्तर आहे, कबर आहे, दहा माणसं न्या. दोन, कायद्याने आई ज्यू नसेल तर मूल ज्यू नाही, मग पणजोबांचं काय चुकलं. चुकलं हे की कायद्याने त्याच कारणासाठी रीतसर धर्मात घ्यायचा रस्ता दिलेला आहे, तो न दाखवता पिढ्यान् पिढ्या मागच्या बाकावर बसवलं आणि त्याला रंगाचं नाव दिलं, जो रंग बऱ्याचदा आमच्यात आणि त्यांच्यात सारखाच होता. तीन, आणि हा मला सगळ्यात जड जातो, की आपण आता उरलोय किती. 2011 च्या जनगणनेत सबंध भारतात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला तो आनंद होताच, पण गावोगावच्या मशिदींत मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना फोन फिरवावे लागतात. अशा वेळी आपल्यातलीच जुनी फूट चव्हाट्यावर कशाला. मी यावर खूप विचार केला. मला वाटतं आपण कमी झालो त्याच्या कारणांत इस्राएलला जाणं हे मोठं आहे हे खरं, पण जी घरं आपण स्वतः उठवून लावली त्यांची माणसं आज मोजणीत नाहीत, आणि मिन्यान जमत नाही म्हणून हळहळताना ती रिकामी जागाही बघायला हवी.

चौथा आक्षेप, धर्म हा माझ्या आणि देवाच्या मधला मामला आहे, त्याला सार्वजनिक करू नका. किप्पूरपुरतं तरी हे म्हणता येत नाही. मिश्नाच म्हणते की अर्धा मामला देवाच्या मधला नाहीच.

आपल्याकडे दरफाल्नीच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणायचे. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि लोकांकडे भेटायला जायचं. हे कुठल्याही हिब्रू पुस्तकातून आलेलं नाही बहुधा, कोकणातच रुजलेलं असावं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं, की काल दार लावलंस ना, आज उघड आणि बाहेर जा. आता तो दिवस कोण पाळतं? शहरात दुसऱ्या दिवशी सगळे कामावर. उपास राहिला, भेटी गेल्या. माझं म्हणणं इतकंच आहे की भेटी परत आणूया आणि त्या सणाच्या आधी आणूया, नव्याचा सण (रोश हशाना) ते किप्पूर या दहा दिवसांत, आणि कोल निद्रेच्या आधी मुकादमांनी हेखालासमोर (सेफर तोरा ठेवतात त्या कपाटासमोर) उभं राहून मराठीत, सगळ्यांना कळेल असं म्हणावं की आपल्या समाजाने आपल्याच माणसांना काळे म्हटलं, सिसिद नाकारली, आणि ते आम्ही केलं. मग आपल्याला रब्बिनेटला पत्र लिहायचा अधिकार येईल, की 1962 चं तुमचं काय ते सांगा.

मी आमच्याकडच्या मीटिंगमध्ये हे मांडलं. चर्चा झाली, ठराव झाला नाही, पुढच्या वेळी बघू असं झालं. तोवर मी घरचं जे आहे ते करायचं ठरवलं. आजीच्या त्या मैत्रिणीची नात इस्राएलमधल्या अश्दोदला असते, नंबर मिळवला आणि फोन केला. मी सगळं सांगितलं, पणजोबांचं नाव घेऊन सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली तिच्या आईने हे तिला कधीच सांगितलं नव्हतं, एवढंच माहीत होतं की पणजोबा मशिदीत जायचे नाहीत. आणि मग विचारलं, आता का? माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, मी म्हटलं उशीर झाला हे खरं आहे. तिने माफ केलं असं म्हटलं नाही आणि मीही परत विचारलं नाही, अजून दोनदा फोन करायचा आहे.

तिच्या पणजोबांची कबर गावातच आहे, आमच्या पणजोबांपासून थोडी लांब, कुंपणाच्या बाजूला. तिथे जायला दहा जण लागतात. आतापर्यंत सहा जणांनी हो म्हटलंय.